तेलुगू घरातील बारसाल टिपण्यापूर्वी

मराठी छायाचित्रकार तेलुगू घरातील बारसालीला, म्हणजे बारशाला, जातो तेव्हा त्याचे सगळे लक्ष पाळण्याकडे असते, कारण आपल्याकडे बाळ पाळण्यात घातल्यावर आत्या कानात नाव सांगते आणि तोच क्षण पकडायचा असतो. हैदराबाद-विजयवाड्याकडच्या घरांत मात्र नाव आधी लिहिले जाते. समोरच्या ताटात तांदूळ पसरलेले असतात आणि पुरोहित सांगतील तसे वडील सोन्याच्या अंगठीने, काही घरांत हळकुंडाने, त्यांवर नाव लिहितात. म्हणून यादीत सर्वांत वर हातात मावणारा छोटा एलईडी लाइट लिहावा, आणि तो आदल्या रात्री चार्ज करून पिशवीतच ठेवावा.

कारण असे की तांदळातली अक्षरे म्हणजे केवळ उथळ चर असतात. त्यांच्या कडेला सावली पडली तरच ती दिसतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून पडला की सावली नाहीशी होते आणि चित्रात कोरे ताट उरते. गेल्या वेळी हा लाइट घरी राहिला आणि यजमानांना तसेच कोरे ताट द्यावे लागले. लाइट ताटाच्या डाव्या बाजूला, जवळजवळ जमिनीलगत धरावा, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली अक्षरांवर येत नाही. पांढऱ्या तांदळामुळे कॅमेऱ्याचे मापन फसते आणि चित्र करडे येते, तेव्हा एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवून पाहावे.

जागाही आधी ठरवावी. चेहरे मिळावेत म्हणून सगळे समोर बसतात आणि मग नाव उलटे येते. वडिलांच्या डाव्या खांद्यामागे उभे राहिल्यास अक्षरे सुलटी मिळतात. काही घरांत नक्षत्रावरून आलेले नावही लिहितात, त्यामुळे पहिले नाव झाले म्हणून उठू नये. हे सारे पुरोहितांना आधी विचारावे. विधी सुरू झाल्यावर त्यांना थांबवू नये. आणि लाइट? पुन्हा पाहा, पिशवीत आहे ना.

बॅटऱ्या आणि कार्डे यांविषयी सांगण्याची गरज नसावी. लेन्सा दोन पुरेत: गर्दीच्या खोलीसाठी ३५ मिमी आणि चेहऱ्यांसाठी ८५ मिमी. पुण्याहवाचनानंतर कलशातले पाणी आंब्याच्या पानांनी सर्वांवर शिंपडतात, त्यात कॅमेराही आला. सुती फडके खिशात असू द्यावे. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावणाऱ्यांनी सजावटीच्या दिव्यांपासून सावध राहावे. घरगुती वीज ५० हर्ट्‌झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकू शकतात आणि वेगवान शटरला चित्रावर पट्टे उमटतात. तिथे मेकॅनिकल शटर बरे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांसमोर जवळून फ्लॅश उडवू नये, हे वेगळे सांगायला नको, तरीही लोक उडवतात.

बाळाच्या गालावर आणि तळपायाला काजळाचा टिळा असतो, त्याला दिष्टि चुक्का म्हणतात. तो डाग समजून संगणकावर पुसून टाकणारा माणूस पुन्हा बोलावला जात नाही. टिळा ठळक दिसेल असा पायाचा एक फोटो मुद्दाम घ्यावा.

पाळणा, म्हणजे उय्याल, सजवून झाला की बाळ येण्यापूर्वीच रिकामा टिपावा, कारण नंतर तो बायकांच्या गराड्यातून दिसत नाही. बाळ आत ठेवताना कोणाचा हात पुढे असणार, मेनत्त (आत्या) की आजी, हे घरच्यांनाच विचारावे. झोक्याच्या टोकाशी पाळणा क्षणभर थांबतो, तिथेच बटण दाबले तर बाळाचा चेहरा स्पष्ट येतो. मध्यभागी वेग सर्वाधिक असल्याने तिथे चित्र हलते. लालीची, म्हणजे अंगाईची, गाणी चालू असताना गाणाऱ्या आजींचे तोंडही घ्यावे, सगळे फोटो बाळाचेच नकोत.

पुढे हारतीचे (ओवाळण्याचे) लाल पाणी, सुवासिनींना हळदकुंकू, तांबूल आणि भिजवलेले हरभरे, मग आजी-आजोबांसह एक गट आणि पंगत. गट जेवणाआधी घ्यावा, नंतर कोणी सापडत नाही. कार्डांची प्रत त्याच रात्री काढावी.