जगाचे प्रश्न वर्गात शिकवताय? या चुका टाळा

हवामानबदल, बालमजुरी, पाणीवाटप हे विषय आता परिपाठापासून प्रकल्पवहीपर्यंत सगळीकडे आलेत. चांगलंच झालं. पण त्याच त्या चुका बघून वैताग येतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे वर्गातल्याच लेकराला नमुना म्हणून उभं करणं. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत मी मागं बसून पाठ बघत होतो. विषय बालमजुरी. सर नवे, उत्साह दांडगा. "ऊसतोडीला कोण कोण जातं? उभे राहा बरं." आठवीतलं एक पोरगं उठलं. "सांग, फडात काय काय करतोस?" मागच्या बाकावर खसखस पिकली. पोरगं मान खाली घालून नखानं बाक खरवडत राहिलं. सरांना वाटलं, पाठ रंगला. पुढचे कितीतरी दिवस ते पोरगं शाळेकडं फिरकलं नाही.

मी कोणालाच उठवत नाही. फळ्यावर लिहितो: मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच का देतो? ती फिटली नाही तर? नवरा-बायको मिळून मजुरीच्या हिशेबात एक कोयता, मग पैसे कोणाच्या हातात? कायदा 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू देत नाही, पण शाळा सुटल्यावर घरच्यांना हातभार लावायला मोकळीक देतो. मग फडात आईला मोळ्या बांधू लागणं कशात धरायचं? ज्याला बोलायचंय तो आपणहून बोलतो. बाकीचे बिननावाच्या चिठ्ठ्या टाकतात, आणि खरं काय ते चिठ्ठ्यांतच येतं.

दुसरी चूक: निकाल खिशात ठेवून चर्चा घेणं. पोरं हुशार असतात, सरांना काय ऐकायचंय ते बरोबर ओळखतात. पाऊस कमी झाला की नाशिक-नगरच्या धरणांतून आमच्या मराठवाड्यातल्या जायकवाडीत पाणी सोडण्यावरून दरवेळी जुंपते. आमच्या वर्गात विचारलं तर सगळे एका सुरात म्हणणार, "सोडलंच पाहिजे." म्हणून मी अर्ध्या वर्गाला नाशिकचे द्राक्षबागायतदार करतो. आपल्याच विरुद्ध बोलायची वेळ आली की डोकी चालायला लागतात. मग नकाशावर नाईल दाखवायची. वर इथिओपियाचं धरण, खाली इजिप्त. भांडण कशाचं, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. "सर, बरोबर कोण?" याचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी देतो. एकाच तासात चर्चा, निष्कर्ष आणि वर शपथ उरकणाऱ्यांनी शपथ तेवढी घ्यावी, चर्चेचं नाटक कशाला?

बाकीच्या किरकोळ. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची 17 ध्येयं घोकून घेऊ नका, एक घ्या आणि महिनाभर पुरवा. प्रभातफेरीचा फोटो म्हणजे पाठ नव्हे. हवामानबदल ध्रुवीय अस्वलापासून सुरू करू नका, काढणीला भिजलेलं सोयाबीन पोरांनी पाहिलेलं असतं. त्याच सोयाबीनचा आजचा भाव फळ्यावर लिहा, शेजारी ब्राझीलचं पीक आणि बाहेरून येणारं पामतेल मांडा, आणि खडू पोरांच्या हातात द्या.