कचेरीत तोंडी काही मागू नका

"तलाठ्याला भेटून आलो, साहेबांना सांगून आलो, करतो म्हणालेत." माझ्या टायपिंगच्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांचं काम इथंच अडकलेलं असतं. भेटलात, पण त्याची नोंद कुठं आहे? कचेरी आवक नंबरावर चालते. नंबर पडला नाही तोवर तुमचं काम सुरूच झालेलं नसतं, आणि सुरू न झालेलं काम रखडलं म्हणून तक्रारही करता येत नाही. म्हणून पहिली गोष्ट: अर्ज दोन प्रतींत करा. एक टपाल विभागात द्या, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. "ठेवून जावा, बघतो" म्हणाले तर ठेवू नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा.

आमच्याकडं, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात, सगळ्यात जास्त रखडतं ते वारसा नोंदीचं काम. वडील जाऊन वर्षं झाली तरी उतारा त्यांच्याच नावावर. कचेरीत याला पौती खातं म्हणतात. मृत्यूचा दाखला, वंशावळ, उतारा, आधार जोडून अर्ज करायचा असतो. पण अर्ज देण्याआधी उतारा कन्नड वाचणाऱ्याकडून अक्षर न् अक्षर वाचून घ्या. उताऱ्यावर जोतिबा, आधारवर ज्योतिबा, मृत्यूच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि नाव मागून. आपल्याला तो एकच माणूस दिसतो, फाइल बघणाऱ्या केस वर्करला तीन दिसतात. मराठी नाव कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना हे होतंच. एकच व्यक्ती असल्याचं अॅफिडेव्हिट सुरुवातीलाच जोडलंत तर फाइल परत फिरायचं निम्मं कारण संपतं.

पुढं फाइल कुठं जाते ते माहीत असू द्या. तलाठी नोटीस काढतो. मुदतीत हरकत आली नाही तर सर्कल इन्स्पेक्टर नोंद मंजूर करतो. हरकत आली तर प्रकरण तहसीलदारांपुढं सुनावणीला जातं. म्हणजे विचारायचा प्रश्न "माझं काम कधी होणार?" हा नाही. "नोटीस कुठल्या तारखेला निघाली? हरकत आली का? कुणाची, कुठल्या तारखेची? त्याची नक्कल द्या." असं विचारा.

आमच्या भागातल्या एका मामांना एका कचेरीत कित्येक महिने एकच उत्तर मिळत होतं: हरकत आलीय, नाळे बर्री (उद्या या). मामांना वाटलं, भावानंच केलं असणार. घरात बोलणं बंद झालं. शेवटी माहिती अधिकारात हरकतीची नक्कल मागितली, तर फाइलीत हरकतीचा कागदच नव्हता. तसं लेखी उत्तर आल्यावर फाइल हलली आणि नोंदही झाली. जमिनीपेक्षा भावाभावांतलं ते नासलेलं वर्ष मला जास्त लागतं. एक नक्कल आधी मागितली असती तर ते टळलं असतं.

दाखल्यांसाठी सकाला आहे. कर्नाटकानं हा सेवा हमी कायदा 2011 साली केला. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि अशा शेकडो सेवांना ठरलेली मुदत आहे. नाडकचेरीत (महसूल खात्याची गावाजवळची कचेरी) किंवा ग्रामवन या सरकारी सेवा केंद्रात अर्ज दिला की 15 आकडी जीएससी नंबर, म्हणजे सकालाचा नंबर, असलेली पावती मिळायलाच हवी, आणि मुदतीची तारीखही त्यावरच असते. ही पावती न देता अर्ज "तपासायला" ठेवून घेतात, तिथंच घड्याळ बंद पडतं. पावती हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदत उलटली किंवा कारण न पटणारा नकार आला, तर 30 दिवसांत वरच्या सक्षम अधिकाऱ्याकडं अपील करा. उशिराबद्दल दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई आहे आणि ती चुकलेल्या अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करता येते. रक्कम छोटी आहे, पण नाव नोंदलं जातं. कुठल्याही कारकुनाला ते नको असतं.

आता भाषेचं, कारण इथं आपली माणसं हमखास अडवली जातात. तक्रारीचा अर्ज मराठीत देता येतो. घटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाणं संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. अर्जाच्या डोक्यावरच हे कलम लिहा. मी तरीही कन्नड प्रत जोडायला सांगते. हक्क सोडा म्हणून नाही; टेबलावरच्या माणसाला वाचता आलं नाही हे कारण उरू नये म्हणून.

माहिती अधिकाराचं मात्र वेगळं आहे. त्या कायद्यात अर्जाच्या भाषा ठरलेल्या आहेत: इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, म्हणजे इथं कन्नड. मराठी अर्ज यावरून परत येऊ शकतो. कन्नड येत नसेल तर सरळ हिंदीत लिहा, तो नाकारता येत नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्यानं मदत करायची आहे. फी 10 रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे. सगळा राग एकाच कागदावर ओतला की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. मी एवढंच लिहून देते: "अमुक तारखेच्या, अमुक आवक नंबरच्या माझ्या अर्जावर आजपर्यंत झालेली तारीखवार कार्यवाही, अर्ज ज्या ज्या कर्मचाऱ्याकडं होता त्यांचं नाव, हुद्दा, आणि किती दिवस होता, टिप्पणी पानांच्या नकला." बस्स. यात "का?" विचारू नका. का-चं उत्तर द्यायला ते बांधील नसतात, कागद द्यायला असतात.

उत्तर 30 दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडं 30 दिवसांत पहिलं अपील, आणि तिथंही नाही जमलं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं. कारण नसताना माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला 250, कमाल 25,000 रुपये दंड करू शकतो.

नोंदीचा आदेशच चुकीचा झाला असेल तर माहिती अधिकारानं तो बदलत नाही. त्यासाठी भू-महसूल कायद्याच्या कलम 136 खाली प्रांताधिकाऱ्यांकडं अपील, आणि त्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडं फेरतपासणी. इथं वकील करा, हे दुकानात टाइप करून होणारं काम नाही.

पैसे मागितले तर? देऊ नका आणि भांडूही नका. कोण, कधी, किती, कुठल्या कामासाठी, हे लिहून ठेवा आणि देण्याआधी लोकायुक्त पोलिसांकडं जा. 2022 मध्ये हायकोर्टानं एसीबी, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, रद्द केल्यापासून हे काम पुन्हा त्यांच्याकडं आहे. बेळगावात त्यांचं कार्यालय आहे. 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलंत तरच कायदा तुम्हाला सांभाळतो. हे सात दिवस पाठ करा. गप्प बसलेला माणूस स्वतःच अडकतो.

पंचायतीचा हिशेब बघायचा असेल तर 16 ऑगस्ट ते 15 सप्टेंबर हे दिवस धरा. या काळात प्रत्येक ग्रामपंचायतीत जमाबंदी, म्हणजे हिशेबाची तपासणी, होते. खर्च, बिलं, कामं लोकांपुढं ठेवायची असतात. पीडीओला, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला, तारीख आधी लेखी विचारा आणि गटारीचं बिल घेऊन प्रत्यक्ष त्या गटारीवर जा. बायकांनी यात जास्त यावं असं मला मनापासून वाटतं, कारण नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे बिलापेक्षा त्यांना नेमकं माहीत असतं.

पुष्कळजण म्हणतात, सीमाप्रश्न सुटल्यावर बघू. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, तुमच्या शेताचा उतारा त्यासाठी थांबवू नका. भाषेवरून अडवलं असेल तर तो कागद वेगळा ठेवा. कलम 350 ब खालच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडं तो पाठवता येतो आणि त्यांचा अहवाल संसदेपुढं जातो.

हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा आमदाराकडं जा. निवेदन नको, प्रश्न घेऊन जा: अमुक तालुक्यात अमुक मुदतीपलीकडं प्रलंबित वारसा नोंदी किती? प्रश्न लागला की खात्याला सभागृहात आकडा द्यावा लागतो, आणि तो आकडा शोधायला खालच्या कचेरीतली कपाटं उघडावी लागतात. प्रश्न आधी द्यायचा असतो, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच जा. सोबत पोच, सकालाची पावती, माहिती अधिकारातलं उत्तर, सगळं तारखेनं लावून न्या. आणि मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, आमदाराच्या पीएच्याही नाही.