औष्णिक वीज केंद्राजवळची माती तपासायचीय? नमुना असा घ्या
कोळसा जळला की कार्बन उडून जातो, पण त्यातलं शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, निकेल कुठे जळतंय, ते राखेत साठतं आणि मूळ कोळशापेक्षा राखेत त्याचं प्रमाण कितीतरी जास्त भरतं. त्यातही राखेचा कण जितका बारीक तितकं त्याच्यावर जास्त चिकटलेलं असतं, आणि नेमके हेच कण चिमणीच्या फिल्टरमधून निसटतात नाहीतर राखेचा तलाव (केंद्रातली राख पाण्यासोबत जिथे साठवतात तो) सुकला की वाऱ्याने उडतात. पारा तर वाफ होऊन लांबवर जातो.

म्हणून आधी वर्षभरात वारा जास्त करून कुठल्या दिशेला वाहतो ते बघा. त्या बाजूची माती घ्या, राखेच्या तलावाच्या खालच्या उताराची घ्या, आणि एक नमुना वाऱ्याच्या उलट बाजूला लांबून, पण तशाच प्रकारच्या मातीचा. हा तुलनेचा नमुना प्लीज टाळू नका!! लोक इथेच चुकतात. धातू मुळात मातीत थोडेफार असतातच, काळ्या मातीत क्रोमियम-निकेल तसंही जास्त सापडतं, मग नुसता एक आकडा बघून हे प्लांटमुळे की आधीपासूनचं ते कसं ठरवणार?

एका शेतात नागमोडी चालत 10-15 ठिकाणची माती घ्यायची. वरून पडलेली राख बघायची असेल तर वरचा 5 सेंमी थर, पिकाच्या मुळांचं बघायचं असेल तर 15-20 सेंमी खोल, आणि हे दोन थर एकमेकांत मिसळायचे नाहीत. रस्त्याची कड, पत्र्याच्या छपराखालची जागा, जुना रंग पडलेल्या भिंतीजवळची जागा सोडून द्या. खुरपं स्टीलचं आणि बादली प्लास्टिकची, जस्ताचा मुलामा असलेली नको, नाहीतर रिपोर्टमध्ये जस्त तुमच्या बादलीचं येईल. सगळं नीट मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत सुकवायची, पारा तपासायचा असेल तर गरम अजिबात करायची नाही. पिशवीवर जागा, खोली, तारीख लगेच लिहा, नंतर लक्षात राहत नाही.

लॅबला एकूण धातू आणि पिकाला मिळू शकणारे धातू असे दोन्ही आकडे मागा, सोबत पीएच (माती किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा) पण.

रिपोर्ट वाईट आला तर पालेभाज्या आणि कंदमुळं तिथे लावू नका, पालेभाज्या कॅडमियम पटकन ओढतात आणि कंदांना माती चिकटून येते, फळभाज्यांमध्ये त्यामानाने कमी उतरतं. माती आम्लधर्मी असेल तर चुना टाकून कॅडमियम-शिसं बांधलं जातं, पण चुना टाकायच्या आधी आर्सेनिकचा आकडा बघाच, कारण पीएच वाढला की आर्सेनिक उलट सुटं होतं.