सोलापुरातल्या घरच्या आडाची वर्षभराची निगा

सोलापुरातल्या आडाचे वर्ष मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होते असे धरून कामे लावली, तर बरीच दगदग वाचते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो. मृगाच्या सरींनी जमीन भिजते, पण आडाला खरे पाणी चढते ते बहुधा उत्तरा-हस्त बरसून गेल्यावर. म्हणून पाणी तळाला गेलेले असताना गाळ काढणे, पहिल्या पावसाचे घाण पाणी आत शिरू न देणे आणि परतीचा पाऊस मुरल्यावर पाणी तपासून घेणे, या तीन कामांच्या वेळा चुकवू नयेत. पेठांमधल्या जुन्या वाड्यांतले चिंचोळे आड असोत की हद्दवाढ भागातल्या बंगल्यांच्या विहिरी, हा क्रम दोन्हींना लागू पडतो.

गाळ काढण्याचे काम जाणत्या माणसांकडूनच करून घ्यावे आणि त्यातही पहिली काळजी हवेची घ्यावी. खोल, अरुंद आडाच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचून प्राणवायू कमी झालेला असू शकतो. त्यामुळे आदल्या दिवशीच जाळी काढून तोंड मोकळे ठेवावे, उतरण्यापूर्वी पाइपमधून पंख्याने बराच वेळ हवा सोडावी आणि मग पेटता कंदील दोरीने हळूहळू तळापर्यंत सोडून पाहावा. आमच्या आडात एका वर्षी कंदील मध्यावर गेला, ज्योत बारीक होऊन निळसर झाली आणि विझली. पुन्हा पेटवून सोडला तरी तेच झाले. त्या दिवशी काम बंद ठेवले. कंदील विझला तर कोणीही उतरू नये हे पक्के, पण तो जळत राहिला म्हणून आत कोणताच विषारी वायू नाही असेही समजू नये. उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधलेला असावा, वर दोर धरायला दोन माणसे असावीत, आणि खालचा माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्या मागोमाग दुसऱ्याने उडी घेऊ नये. त्याला दोरानेच वर ओढावे. डिझेल इंजिन आडात किंवा तोंडाशी चालवू नये. विजेची मोटार वर काढून, तिचा मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात ठेवावा.

पाणी एका दमात उपसू नये. बांधकामामागचा मुरूम पाण्याने फुगलेला असतो. आतले पाणी झपाट्याने उतरले की त्याचा सगळा भार भिंतीवर येतो आणि जुन्या चुन्याच्या बांधकामाचे दगड सुटतात. दोन-तीन हात पाणी उतरवून थोडे थांबावे, मग पुढचे उपसावे. याच वेळी सांध्यांत उगवलेल्या पिंपळ-उंबराच्या रोपांचा बंदोबस्त करावा. आमच्याकडे बोटभर जाडीचे पिंपळाचे रोप उपटताना त्याच्या मुळाशी मुठीएवढा चुना आणि एक चिरा निघून आला, आणि तेवढ्यासाठी गवंड्याचा पूर्ण दिवस मोडला. रोप कोवळे असतानाच मुळासकट काढावे; मूळ जाड झाले असेल तर आधी आजूबाजूचा सांधा मोकळा करून मग ते काढावे आणि पोकळी लगेच सिमेंटने भरावी.

आता काळ्या मातीबद्दल, कारण बाहेरगावच्या सल्ल्यांत हा मुद्दा सहसा नसतो. उन्हाळ्यात आपली काळी जमीन हातभर खोल भेगाळते. अशा भेगा आडाच्या बांधकामालगत पडल्या, की पहिल्या वळवाचे पाणी अंगणातली घाण घेऊन न गाळता थेट खाली जाते. आडाला कठडा कितीही उंच असला तरी त्याचा तिथे उपयोग नसतो. म्हणून कठड्याभोवती किमान मीटरभर रुंदीची काळी माती काढून, तिथे मुरूम भरून, पाणी मारून चोपावा आणि त्यावर बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा ओटा करावा. काळ्या मातीवर थेट घातलेला ओटा पावसाळ्यात उचलला जातो आणि त्याला तडे जातात. कठडा पाऊण मीटर उंच पुरतो. संडासाचा शोषखड्डा आडापासून किमान 15 मीटर दूर असावा; पेठांच्या दाटीत हे जमत नसेल, तर आडाचे पाणी धुण्या-भांड्यांपुरतेच ठेवावे.

पावसाळ्यात पिण्याचे पाणी क्लोरीनने शुद्ध करावे लागते आणि त्यासाठी आडात पाणी किती आहे ते कळले पाहिजे. मीटर-मीटरवर गाठी मारलेल्या दोरीला लोखंडी वजन बांधून पाण्याची खोली मोजावी. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले 785 केले की लिटर मिळतात, म्हणजे 2 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी असल्यास 9420 लिटर. चांगली ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे साधारण 24 ग्रॅम लागते. ती प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून, मग पाणी वाढवून ढवळावी आणि दहा मिनिटे निवळू द्यावी. वरचे निवळ पाणीच दुसऱ्या बादलीत घेऊन ती आडात बुडवून हलवावी; खाली बसलेला चुना आत टाकू नये. रात्री शेवटचा उपसा झाल्यावर हे करणे सोयीचे, कारण क्लोरीनला किमान एक तास द्यावाच लागतो. उघडी राहिलेली पावडर निकामी होते, म्हणून लहान पाकीटच आणावे. आडात गप्पी मासे सोडले असतील तर ते क्लोरीनने मरतात. पिण्याच्या आडाला डासांसाठी बारीक जाळीच बरी.

छतावरचे पाणी आडात सोडायचे असेल तर पहिले दोन-तीन पाऊस बाहेर काढून द्यावेत आणि त्यानंतरचे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून घ्यावे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला तरी अडीच हजार लिटर पाणी होते.

दिवाळीच्या सुमारास, पाणी स्थिरावल्यावर, प्रयोगशाळेत जंतू, क्षार आणि नायट्रेट यांची तपासणी करून घ्यावी. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिऊ नये. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासून पुढे दर पंधरा दिवसांनी दोरीने पातळी मोजून ती तारखेसह वहीत लिहावी. मोटार सुरू करूनही पाणी चढत नसेल तर आधी फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, पाहावा: पातळी उतरून तो उघडा पडलेला असतो किंवा त्याच्या वायसरखाली वाळूचा कण अडकून पाइपातले पाणी गळून गेलेले असते. मार्च-एप्रिलमध्ये सलग तासभर उपसण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे मोटार चालवावी, म्हणजे झऱ्यांना भरायला अवधी मिळतो आणि तळाचा गाळ मोटारीत ओढला जात नाही.