रोज दीडशे किलोमीटर आणि तरी मजा: जुनी गाडी घेताना या चुका टाळा

नागपूरहून हिंगणघाट एका बाजूने साधारण ७५ किलोमीटर आहे. मी हे अंतर आठवड्यातून सहा दिवस, जाऊन-येऊन, स्वतः गाडी चालवत कापतो. बुटीबोरी, बोरखेडी, जाम, पुढे हिंगणघाट. हा रस्ता आता मला तोंडपाठ आहे. नागपुरात माझ्यासारखे बरेच जण आहेत. कुणी वर्ध्याला शिकवतं, कुणी भंडाऱ्याच्या बँकेत आहे, कुणी उमरेडच्या खाणीत. घर नागपूरलाच ठेवायचं, कारण मुलांच्या शाळा इथे आणि आईवडिलांचे डॉक्टर इथे. मग रोजचे दोन-तीन तास गाडीत जातात. एवढा वेळ जिथे जाणार ती गाडी चालवताना छान वाटलं पाहिजे, ही अपेक्षा मला अजिबात चैनीची वाटत नाही. कंटाळवाण्या गाडीत माणूस लवकर थकतो, आणि थकलेला माणूस ट्रकच्या मागे चुकीचा निर्णय घेतो.

पण मजेची गाडी शोधताना मी स्वतः मोठी चूक केली आहे, तिच्यापासूनच सुरुवात करतो.

दहा मिनिटांच्या ट्रायलवर जीव जडवणे

माझी पहिली जुनी गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक होती. रविवारी सकाळी सात वाजता सिव्हिल लाइन्सच्या मोकळ्या, सावलीच्या रस्त्यांवर ट्रायल घेतली. काय पिकअप होता! स्टेअरिंग हातात घट्ट, वळणावर गाडी रुळावरून गेल्यासारखी. दुपारपर्यंत टोकन देऊन मोकळा झालो. तीन आठवड्यांत खरी गाडी कळली. आधीच्या मालकाने मोठी चाकं आणि कमी उंचीचे टायर बसवले होते. आपल्या शहरातल्या सिमेंट रस्त्यांवर त्यांचा आवाज असा घुमायचा की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागे. सस्पेंशन कडक, सीट अरुंद. संध्याकाळी घरी पोचलो की कंबर धरून पायऱ्या चढायचो. आठ महिन्यांत तोटा सोसून विकली.

त्या गाडीत वाईट काहीच नव्हतं, ती माझ्या कामाची नव्हती एवढंच. तुमची मजा सिग्नलवरून सुसाट सुटण्यात नसते. बुटीबोरीच्या पुढे दोन कंटेनर शेजारी-शेजारी चालले आहेत, त्यातला एक हळूहळू डावीकडे सरतो आणि तुम्हाला तेवढ्यात ६० वरून ९० ला जाऊन निघायचं असतं. तिथे चौथ्या गिअरमध्ये गाडी न कुरकुरता ओढते की खाली गिअर टाकून इंजिन किंचाळवावं लागतं, यावर रोजचा आनंद ठरतो.

म्हणून ट्रायल तासाभराची मागा. पेट्रोलचे पैसे तुम्ही द्या. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन परत या. १०० च्या वेगाला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा काटा, बघा. डिझेल इंजिन तिथे दोन-सव्वादोन हजारांवर निवांत असतं, छोटं पेट्रोल तीन हजारांच्या जवळ जातं, आणि तो आवाज तुम्हाला दीड तास ऐकायचा आहे. परत आल्यावर लगेच उतरू नका. पाच मिनिटं सीटवर बसून राहा. पाठ, मान, उजवा गुडघा काय म्हणतात ते ऐका. मालक तासाभराच्या ट्रायलला तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.

एक गोष्ट मात्र ट्रायलच्या आधीची. मालकाला सांगून ठेवा की गाडी आधी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिनाचा पहिला आवाज आणि पहिला धूर तुमच्यापासून लपवला गेला आहे.

मीटरवरचा आकडा बघून भुलणे किंवा घाबरणे

"फक्त पस्तीस हजार चाललेली" हे ऐकलं की आपले डोळे चमकतात. सहा वर्षांत पस्तीस हजार म्हणजे ती गाडी सीताबर्डी, धरमपेठ, सदर एवढ्यातच फिरली. पहिला-दुसरा गिअर, अर्धा दाबलेला क्लच, इंजिन पुरतं गरम होण्याआधीच बंद. याउलट अमरावती किंवा चंद्रपूरला नेमाने जाणाऱ्या माणसाची नव्वद हजार चाललेली गाडी बरेचदा जास्त ठणठणीत निघते. हायवेवर क्लच कमी दाबला जातो, ब्रेक कमी लागतात, इंजिन एका तापमानाला चालतं. माझी आत्ताची गाडी अशीच, ८८ हजारांवर घेतलेली सेडान आहे. सर्व्हिसची प्रत्येक पावती फाइलमध्ये होती. तिच्यावर मी आणखी लाखभर किलोमीटर टाकले आहेत.

मीटर मागे फिरवणं अवघड नाही, म्हणून आकडा गाडीच्या अंगावर वाचायचा. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हर सीटची उजवी कड दबली-फाटलीये का, स्टेअरिंगवर हाताच्या जागी चकाकी आलीये का. "चाळीस हजार" सांगणाऱ्या गाडीत या तिन्ही खुणा दिसल्या तर उठून निघा. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे नंबरवरून जुन्या सर्व्हिसची नोंद मिळू शकते. मालकालाच ती काढून आणायला सांगा.

पाण्यात बसलेली गाडी न ओळखणे

नागपूरकरांना हे वेगळं सांगायची गरज पडू नये, पण पडते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरलं. पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. त्यातल्या कित्येक धुऊन, वाळवून, पॉलिश करून पुन्हा रस्त्यावर आल्या. काही आजही विकायला असतील आणि बाहेरून झगझगीत दिसत असतील.

आमचे मिस्त्री गाडी तपासायला आले की पहिले बॉनेट उघडत नाहीत. "सर, इंजिन नंतर पाहू. पयले बेल्ट ओढून पाहा," म्हणतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. एरवी आत गुंडाळलेला राहणारा भाग कुणी धूत नाही, तिथे मातीची रेघ सापडते. मग स्टेपनीखालच्या खळग्यात हात घालायचा, कार्पेट उचलायचं, सीटचे रूळ आणि सीटखालचे बोल्ट बघायचे. आत नवा-नवा सुगंध मारत असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बसा. ओलसर वास दबत नाही.

माझी आवडती तपासणी कागदावरची आहे. विम्याची पॉलिसी मागा आणि त्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वाचा. क्लेम नसेल तर तो दरवर्षी २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. पाच वर्षांच्या गाडीचा बोनस मध्येच शून्यावर आलेला दिसला तर त्या वर्षी क्लेम झाला असणार, किंवा पॉलिसी तरी तुटली असणार. क्लेमचा महिना सप्टेंबर २०२३ च्या आसपासचा असेल तर पुढचं मी सांगायला नको. इंजिनात पाणी गेल्यावर कुणी स्टार्टर मारला असेल तर आतला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकू शकतो. अशी गाडी काही महिने चालते आणि मग जामच्या पुढे कुठेतरी बंद पडते.

इंधनाचा हिशोब पंपावर गेल्यावर करणे

रोजचे १५० किलोमीटर आणि महिन्याचे २४ दिवस धरले तर महिन्याला ३,६०० होतात. एक गाडी लिटरला १४ देते, दुसरी १९. पहिलीला २५७ लिटर लागतं, दुसरीला १८९. पेट्रोल लिटरला शंभर धरलं तरी महिन्याला ६,८०० रुपयांचा, वर्षाला ऐंशी हजारांचा फरक. ज्या गाडीवर तुम्ही पन्नास हजार वाचवले असं वाटतं, ती ते पैसे आठ महिन्यांत परत घेते.

दुसरी बाजू कुणी मोजत नाही. वर्षाला ४३ हजार किलोमीटर म्हणजे दर दहा हजारांची सर्व्हिस वर्षातून चारदा, आणि टायरचा नवा संच जवळपास दरवर्षी. म्हणून हातातले सगळे पैसे गाडीच्या किमतीत घालू नका. निदान सातवा-आठवा हिस्सा पहिल्या महिन्याच्या कामासाठी बाजूला ठेवा. ऑइल, कूलंट, फिल्टर, ब्रेक पॅड, टायर लागतातच.

डिझेल या वापराला खरोखर शोभतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तुंबतो आणि हायवेवर आपोआप जळून साफ होतो. म्हणजे गाडी तुमच्या हाती सुखी राहील, पण आधीच्या मालकाने ती कशी वापरली हे विचारा. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्याने तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र (एनओसी), इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग जोडल्यावर तो स्वस्तपणा कितीसा उरतो ते आधी मांडून बघा. सीएनजी घेणार असाल तर पंप तुमच्या रस्त्यावर कुठे आहे आणि संध्याकाळी सहाला तिथे किती रांग असते, ते स्वतः जाऊन पाहा.

मॉडेलबद्दल माझं मत विचाराल तर फोर्ड फिगोचं दीड लिटर डिझेल (१०० पीएस), २०१४ नंतरची पेट्रोल मॅन्युअल होंडा सिटी, फोक्सवॅगन पोलोचं एक लिटर टीएसआय आणि साधी, सांभाळलेली स्विफ्ट. या चारांतली कुठलीही चालवताना मन लागतं. फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं आणि पोलो २०२२ मध्ये बंद झाली, म्हणून त्या घेण्याआधी तुमच्या मिस्त्रीला विचारा की तो ही गाडी हाताळतो का आणि पार्ट किती दिवसांत मागवतो. रोज जाणाऱ्या माणसाची गाडी आठ दिवस गॅरेजात उभी राहिली तर त्याची नोकरीच अडते.

हिवाळ्यात एसी तपासणे

आपल्याकडे पारा ४५ ओलांडतो. डिसेंबरात घेतलेल्या गाडीचा एसी एप्रिलमध्येच कळतो. शक्य असेल तर दुपारी दोनला, उभ्या गाडीत, पूर्ण एसीवर पंधरा मिनिटं बसा. चालताना थंड आणि उभं राहिल्यावर कोमट, तर पुढचा पंखा नाहीतर कंडेन्सर बघायला हवा. त्याच वेळी इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. उभं असताना काटा चढला तर पंखा, हायवेवर चढला तर रेडिएटर तुंबलेला किंवा कूलंट कमी, असा माझा पहिला अंदाज असतो. इंजिन थंड असताना झाकण उघडून आतलं पाणी बघा. रंगीत कूलंटऐवजी तांबूस गढूळ पाणी असेल तर आतून गंज धरला आहे.

इथे एक वाईट सवय आहे. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही जण थर्मोस्टॅटच, म्हणजे कूलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडपच, काढून टाकतात. मग इंजिन हव्या त्या तापमानाला पोचत नाही, अ‍ॅव्हरेज पडतं आणि खरा दोष तसाच राहतो. सकाळी निघाल्यावर दहा किलोमीटर झाले तरी काटा वर येत नसेल तर थर्मोस्टॅट काढलाय का, हेच विचारा.

टायरचंही तसंच. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा" हा सल्ला मला दर मे महिन्यात मिळतो आणि तो उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकल्याने जास्त तापतो आणि तापून फुटतो. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे तर हे जिवावर बेतू शकतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलीच हवा भरा, तीही सकाळी टायर थंड असताना. विकत घेताना टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी इतका जुना टायर मी हायवेवर नेणार नाही.

घेतल्यावर काही बिघडलंच तर

८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं आणि पुढे थांबतं, तर बहुधा चाकांचं बॅलन्सिंग गेलं आहे. काही शे रुपयांचं काम, घाबरू नका. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर डिस्क वाकडी असते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटच्या आधी दोन्ही टायरची हवा मोजा. चढावर आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपत आली. हे शहरात पटकन कळत नाही, म्हणून ट्रायलला पुलाच्या चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मुद्दाम ओढून बघा.

कागदांचं थोडक्यात. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायला फॉर्म ३५, चलानं भरलेली. गाडीचा नंबर नागपूरच्या एमएच ३१, ४० की ४९ यांपैकी कुठला याने फारसं बिघडत नाही, पण आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो तुमच्याकडे येत नाही, तेव्हा त्या फरकाची रक्कम आधीच धरा. आणि पूर्ण पैसे सह्या झाल्याच्या दिवशीच द्या. "नाव नंतर करून घेऊ" म्हणणाऱ्याला मी टोकनसुद्धा देत नाही.