फ्लोटमधून नेमका अपूर्णांक कसा काढायचा

संगणकात फ्लोट (दशांश संख्या साठवण्याचा प्रकार) म्हणून साठवलेली ०.१ ही संख्या मुळातच एक अपूर्णांक असते, पण तो १/१० नसतो. डबल या ६४ बिटांच्या फ्लोट प्रकारात तिची खरी किंमत ३६०२८७९७०१८९६३९७ / ३६०२८७९७०१८९६३९६८ एवढी भरते. छेद २ चा घातच असावा लागतो (इथे ५५ वा) आणि अंशाला ५३ बिट मिळतात, त्यामुळे यापेक्षा जवळ जाता येत नाही. पायथन भाषेतल्या फ्रॅक्शनला (अपूर्णांकांसाठीच्या तयार प्रकाराला) ०.१ हा फ्लोट थेट दिला की हाच अगडबंब अपूर्णांक बाहेर येतो. अनेकांना तो बग वाटतो. खरे तर फ्रॅक्शनने विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिलेले असते.

म्हणून कोड लिहिण्याआधी आपल्याला काय हवे आहे ते ठरवा. फ्लोटमध्ये प्रत्यक्ष काय साठले आहे? माणसाने काय टाइप केले? की कुठेतरी भागाकार होऊन, कापला जाऊन (म्हणजे ठरावीक अंकांवर राउंड होऊन) आलेला हा आकडा मूळ कोणत्या अपूर्णांकाचा होता? तिन्हींची उत्तरे वेगळी येतात. पहिला प्रश्न सहसा डीबगिंगपुरताच असतो.

टाइप केलेला आकडा असेल तर त्याला फ्लोट होऊच देऊ नका. स्ट्रिंग (टाइप केलेली अक्षरे जशीच्या तशी) घ्या, दशांश चिन्हानंतरचे अंक मोजा, चिन्ह काढून उरलेला पूर्णांक अंशात ठेवा आणि छेदात १० चा तेवढा घात. मग मसावि काढून दोघांना भागा. ०.३७५ चे ३७५/१०००, मसावि १२५, उत्तर ३/८. पायथनमध्ये फ्रॅक्शनला अवतरण चिन्हांत '०.१' दिले की सरळ १/१० मिळतो.

फ्लोटचीच स्ट्रिंग करून हे करणार असाल तर दोन ठिकाणी ठेच लागते. जावास्क्रिप्ट ०.०००००१ नीट छापते, पण ०.००००००१ चे '1e-7' असे घातांकी रूप करते, आणि दशांश चिन्हावर तोडणारा कोड तिथे कोलमडतो. दुसरे, ०.१ + ०.२ ची स्ट्रिंग ०.३०००००००००००००००४ अशी येते. तिचा प्रामाणिक अपूर्णांक ७५०००००००००००००१ / २५००००००००००००००० होतो, आणि तो कुणालाच नको असतो.

खरी गंमत तिसऱ्या प्रश्नात आहे. ०.४२८६ दिले, ३/७ हवे. इथे कंटिन्यूड फ्रॅक्शनची पद्धत वापरायची: पूर्णांक भाग बाजूला काढा, उरलेल्याचा व्यस्त घ्या, पुन्हा पूर्णांक भाग काढा. पुष्कळ ठिकाणी हे फ्लोटमध्येच केलेले दिसते आणि तिथेच घोळ होतो. बाकी 'र' असेल तर व्यस्त घेताना तिच्यातली चूक सुमारे १/र² पट वाढते. बाकी लहान झाली की काही फेऱ्यांतच निव्वळ कचरा हाती येतो. हेच गणित पूर्णांकांवर केले तर तो युक्लिडचा मसावि काढण्याचा भागाकारच ठरतो, आणि चूक शिरायला जागाच उरत नाही.

संख्या न/द अशी घ्या. ०.४२८६ साठी न = ४२८६, द = १००००.

अ = न, ब = द
प० = ०, प१ = १
क० = १, क१ = ०
ब शून्य होईपर्यंत:
– भ = अ ÷ ब चा पूर्णांक भाग
– (प०, प१) = (प१, भ × प१ + प०)
– (क०, क१) = (क१, भ × क१ + क०)
– २ × |न × क१ − प१ × द| ≤ क१ असेल तर थांबा
– (अ, ब) = (ब, अ − भ × ब)
उत्तर: प१/क१

कंसातल्या दोन्ही किमती एकाच वेळी बदलायच्या आहेत. ओळीने बदलल्यात तर जुनी किंमत पुसली जाईल.

थांबण्याची अट काढून शेवटपर्यंत गेलो तर आपल्या उदाहरणात भागाकार क्रमाने ०, २, ३, ७१४ येतात आणि अपूर्णांक ०/१, १/२, ३/७, २१४३/५०००. तो ७१४ पाहा. मध्येच असा प्रचंड भागाकार आला म्हणजे त्याच्या आधीचा अपूर्णांक कमालीचा जवळ होता आणि पुढे आपण फक्त राउंडिंगच्या मागे धावत आहोत. π मध्येही ३, ७, १५, १ नंतर २९२ येतो, म्हणूनच ३५५/११३ इतका चांगला.

थांबण्याची अट म्हणजे 'शेवटच्या अंकाच्या अर्ध्या एककाच्या आत', तीही पूर्णांकांत लिहिलेली. त्यात '<' नको, '≤' हवे. १/१२८ म्हणजे ०.००७८१२५. सहा अंकांना कापल्यावर ०.००७८१२ होते आणि चूक बरोबर अर्धे एकक भरते. '<' लिहिलेत तर हा अपूर्णांक निसटतो.

आता मर्यादा. छेद 'म' पर्यंतचे दोन वेगळे अपूर्णांक एकमेकांपासून किमान १/म² अंतरावर असतात. त्यामुळे सहा अंक दिले असतील तर १००० पेक्षा लहान छेद खात्रीने ओळखता येतो, चार अंकांत १०० पेक्षा लहान. एकच अंक असेल तर जेमतेम ३. याचा फटका लगेच दिसतो: वरच्या कोडला ०.३ दिले की तो १/३ सांगतो! म्हणून ही पद्धत फक्त कापून आलेल्या लांब दशांशांसाठी वापरा. ०.३, ०.३३ असे आखूड आकडे स्ट्रिंगच्या मार्गाने न्या, नाहीतर वापरणाऱ्यालाच विचारा. एकाच राउंडिंगमधून गेलेल्या, १ पेक्षा लहान डबलसाठी हीच मर्यादा काही कोटींच्या छेदापर्यंत जाते. पण आधी बेरजा-गुणाकार झाले असतील तर तेवढा विश्वास ठेवू नका.

आकडेमोडीतून आलेल्या फ्लोटला पायथनमध्ये तयार सोय आहे: फ्रॅक्शन करा आणि त्यावर लिमिट-डिनॉमिनेटर चालवा. छेदाची मूळ मर्यादा १०,००,००० असते. ०.१ + ०.२ चे सरळ ३/१० मिळते. ही सोय वरच्या कोडपेक्षा थोडी वेगळी वागते, कारण ती दोन टप्प्यांच्या मधले अपूर्णांकही तपासते. π साठी १०० ची मर्यादा दिली तर २२/७ नाही, ३११/९९ येतो. तोच जास्त जवळचा आहे, दिसायला मात्र कमी देखणा.

छेद आधीच माहीत असेल, उदाहरणार्थ इंचाचे ६४ भाग, तर यातले काहीच करू नका. ६४ ने गुणा, जवळच्या पूर्णांकावर आणा, मसाविने भागा.

हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी: ऋण चिन्ह सुरुवातीलाच बाजूला काढा, कारण ऋण संख्येचा पूर्णांक भागाकार पायथन खालच्या बाजूला नेते आणि सी शून्याच्या बाजूला. अनंत आणि नॅन ('ही संख्याच नाही' असे सांगणारी फ्लोटमधली खूण) आधीच परत पाठवा. सर्व आकड्यांना ०.०००००१ एवढ्या फरकाची एकच सूट देऊ नका, ०.०००००००४ चे थेट शून्य होईल. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांक नेमके राहत नाहीत. न × क१ हा गुणाकार तिथे जाऊ शकत असेल तर बिगइंट (कितीही मोठे पूर्णांक नेमके ठेवणारा प्रकार) वापरा.

चाचणी सोपी आहे. छेद २ ते ९९९, अंश १ पासून छेदापेक्षा एकने कमी, अशा सुमारे पाच लाख जोड्या घ्या. प्रत्येकीची सहा दशांश स्थळांची स्ट्रिंग करा, कोडमधून काढा आणि संक्षिप्त रूपाशी ताडून पाहा. एकही जोडी चुकता कामा नये. चुकलीच तर पहिल्यांदा ते '≤' तपासा.