दोन महायुद्धांमधल्या हुकूमशाह्यांचा तक्ता कसा मांडावा

मुसोलिनी १९२२, हिटलर १९३३. एवढ्या दोन तारखा पाठ झाल्या की बहुतेकांचा हा विषय संपतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सलर, म्हणजे जर्मनीचा पंतप्रधान, झाला तेव्हा मंत्रिमंडळात त्याच्या पक्षाचे आणखी दोघेच होते, फ्रिक आणि गोरिंग. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग त्याला काढू शकत होते. ब्र्यूनिंग आणि श्लायखर या आधीच्या चॅन्सलरांची खुर्ची त्यांनी हात काढून घेताच गेली होती. मग आता याला कुणीच काढू शकत नाही, ही अवस्था नेमकी कधी आली? तक्ता या एकाच प्रश्नासाठी मांडायचा.

एका देशाला एक मोठा आडवा कागद घ्या. जर्मनी, रशिया आणि इटली हे तिन्ही देश एकाच कागदावर कोंबले की तारखा एकमेकींत मिसळतात आणि सगळ्या हुकूमशाह्या एकाच साच्यातल्या वाटू लागतात. रकाने पाच: तारीख, कागद, म्हणजे कायदा, हुकूम किंवा नेमणूक, सही कोणाची, त्या वेळी रस्त्यावर काय चाललं होतं, आणि शेवटचा, सर्वांत रुंद रकाना ‘परतीची वाट’. सत्ताधाऱ्याला कायदेशीरपणे घरी पाठवू शकेल असं कोण कोण अजून शिल्लक आहे, ते प्रत्येक ओळीत या रकान्यात लिहायचं.

कोणते देश घ्यायचे ते आधी ठरवा. प्रत्येक हुकूमशाही सर्वंकष नसते. स्पेनमध्ये प्रिमो दे रिवेरा (१९२३ ते १९३०) आणि पोलंडमध्ये १९२६ नंतर पिउसूद्स्की यांनी सत्ता बळकावली, पण कामगार संघटना, शाळा, तरुणांचे क्लब असं सगळंच एका पक्षाच्या पोटात घालण्याचा प्रकार तिथे झाला नाही. ‘सर्वंकष’ हा शब्द राजकारणात आणला तो १९२३ मध्ये मुसोलिनीचे विरोधक जोव्हान्नी आमेंदोला यांनी, टीका म्हणून. मुसोलिनीने पुढे तोच शब्द बिरुदासारखा मिरवला.

जर्मनीच्या कागदाची पहिली ओळ १९३३ ची नको, मार्च १९३० ची हवी. बेकारी विम्याच्या वर्गणीवरून म्यूलर यांचं आघाडी सरकार पडलं आणि त्यानंतर हिटलर येईपर्यंतच्या कोणत्याच सरकारला संसदेत, म्हणजे राइशस्टागमध्ये, बहुमत उरलं नाही. राज्यघटनेच्या कलम ४८ नुसार राष्ट्राध्यक्षाच्या सहीने वटहुकूम निघत आणि राइशस्टागला ते रद्द करता येत. जुलै १९३० मध्ये राइशस्टागने तसं केलंही, तेव्हा ब्र्यूनिंग यांनी सभागृहच बरखास्त करवून वटहुकूम पुन्हा काढला. इथे ‘सही’चा रकाना नीट भरा: १९३० मध्ये संसदेने ९८ कायदे केले, १९३१ मध्ये ३४, १९३२ मध्ये फक्त ५. संसदेविना राज्य चालवायची सवय हिटलर येण्याआधीच लागली होती, ही गोष्ट या रकान्याइतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता निवडणुकांचे आकडे. मतांची टक्केवारी आणि जागा दोन्ही लिहा, शेजारी सभागृहाची एकूण संख्याही, कारण ती दर वेळी बदलते. नाझी पक्ष: मे १९२८ मध्ये २.६ टक्के, १२ जागा. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के, १०७ जागा; जुलै १९३२ मध्ये ६०८ पैकी २३०; नोव्हेंबर १९३२ मध्ये ५८४ पैकी १९६; मार्च १९३३ मध्ये ४३.९ टक्के, ६४७ पैकी २८८. नोव्हेंबरची ओळ लाल शाईने लिहा. पक्ष उतरणीला लागला होता, आणि चॅन्सलरपद मिळालं ते त्यानंतर. ‘हिटलर बहुमताने निवडून आला’ हे वाक्य या ओळीपुढे टिकत नाही.

दुसरी नेहमीची चूक महागाईची. १९२३ मध्ये मार्क, म्हणजे जर्मन चलन, कोसळला म्हणून हिटलर आला, असं सर्रास लिहिलं जातं. मधल्या १९२८ च्या २.६ टक्क्यांचं काय करायचं? मतं वाढली ती १९२९ नंतरच्या मंदीत. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार साठ लाखांच्या घरात होते, किमती उलट घसरत होत्या आणि सरकार पगार व भत्ते कापत होतं.

२७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री राइशस्टागची इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशी हिंडेनबुर्ग यांच्या सहीने वटहुकूम निघाला: व्यक्तिस्वातंत्र्य, वृत्तपत्रं, सभा, संघटना, टपालाची गुप्तता, सगळं ‘पुढील सूचनेपर्यंत’ स्थगित. ती पुढील सूचना १९४५ पर्यंत आली नाही. शेजारच्या रकान्यात लिहा की प्रशिया या सर्वांत मोठ्या प्रांताचं गृहखातं गोरिंगच्या हाती होतं आणि आग लागायच्या आधीच त्याने पक्षाच्या टोळ्यांतून सहायक पोलीस भरायला सुरुवात केली होती. वटहुकूम आणि तो राबवणारे हात अशी जोडी प्रत्येक ओळीत शोधायची. नुसता कायदा वाचला तर तो कागदच राहतो.

पुढची ओळ २३ मार्चची. हिचं गणित स्वतः करून पाहा, घाई नको. अधिकारदान कायद्यासाठी, म्हणजे संसदेविना कायदे करायचा अधिकार सरकारला देणाऱ्या कायद्यासाठी, सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवे होते आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश अनुकूल. सभासद ६४७, म्हणजे हजेरी ४३२ ची हवी. कम्युनिस्ट ८१ आणि सोशल डेमोक्रॅट १२० मिळून २०१. हे सगळे बाहेर राहिले तरी ४४६ उरतात. पण आणखी १५ जण गेले असते तर हजेरी पुरली नसती, आणि कॅथलिकांच्या सेंटर पक्षाकडे सत्तरच्या वर सभासद होते. गोरिंगने यावर आधीच बूच मारलं: विनापरवानगी गैरहजर राहील तो हजर धरायचा, असा नियमबदल करून घेतला. सभागृहाला टोळ्यांचा वेढा होता. सेंटर पक्षाचे नेते कास यांना लेखी हमीचं पत्र मिळणार होतं. ते आलंच नाही, तरी पक्षाने होकारार्थी मत दिलं. निकाल ४४४ विरुद्ध ९४. विरोधातली सगळी मतं सोशल डेमोक्रॅटांची. त्यांचे उरलेले २६ तुरुंगात, परागंदा किंवा अन्य कारणाने गैरहजर होते, आणि कम्युनिस्ट तर एकही आत येऊ शकला नाही. आता हे पाहा की ६४७ चे दोन तृतीयांश ४३२ च होतात. म्हणजे सगळे हजर असते तरी ४४४ मतांनी कायदा पास झाला असता. मोजणीत दडपशाहीइतकंच वजन मधल्या पक्षांच्या होकाराला आहे, आणि नुसतं ‘धाकदपटशाने पास केला’ असं लिहिलं की हा होकार झाकला जातो.

यानंतरच्या ओळी भराभर भरता येतात: २ मे कामगार संघटनांवर कब्जा, २२ जून सोशल डेमोक्रॅट पक्षावर बंदी, १४ जुलै नवे पक्ष काढायलाच मनाई, ३० जानेवारी १९३४ प्रांतांच्या विधानसभा संपल्या. ३० जून १९३४ ला पक्षाच्या टोळ्यांचा प्रमुख र‍्योम आणि इतरांच्या हत्या झाल्या आणि ३ जुलैला एकाच कलमाचा कायदा आला, की ती कृत्यं राज्याच्या बचावासाठी केलेली असल्यामुळे कायदेशीर होत. परतीच्या वाटेत अजूनही एक नाव उरतं, हिंडेनबुर्ग. २ ऑगस्टला ते वारले. राष्ट्राध्यक्षपद चॅन्सलरपदात विलीन करणारा कायदा आदल्या दिवशीच तयार होता, आणि सैन्याने २ ऑगस्टलाच हिटलरच्या नावाने शपथ घेतली. रकाना कोरा झाला, अठरा महिन्यांत.

रशियाच्या कागदाला हा साचा तसाच लावू नका. तिथे एकपक्षीय राज्य आधीच होतं, म्हणून परतीची वाट संसदेत नाही, पक्षाच्या आत शोधावी लागते. स्टालिन एप्रिल १९२२ मध्ये सरचिटणीस झाला. पद कारकुनी वाटे, पण नेमणुका त्याच्या हातात आल्या. १ डिसेंबर १९३४ ला लेनिनग्राडचे पक्षप्रमुख किरोव यांचा खून झाला आणि त्याच दिवशी हुकूम निघाला: तपास दहा दिवसांत, अपील नाही, शिक्षा तत्काळ. त्याच वर्षीच्या पक्ष-अधिवेशनात निवडलेल्या केंद्रीय समितीच्या १३९ सदस्य-उमेदवारांपैकी ९८ जण पुढे गोळ्या घालून मारले गेले. हा आकडाच तिथला शेवटचा रकाना.

इटलीचा कागद शेवटी घ्या, कारण तो फसवतो. ऑक्टोबर १९२२ मध्ये फॅसिस्ट टोळ्या रोमवर चाल करून येत असताना पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम पुढे केला, राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा यांनी सही केली नाही, आणि मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या गाडीने रोमला आला. सभागृहात फॅसिस्ट ३५ च्या आसपास होते. १९२३ च्या आचेर्बो कायद्याने किमान २५ टक्के मतं घेऊन पहिल्या येणाऱ्या यादीला दोन तृतीयांश जागा दिल्या. जून १९२४ मध्ये विरोधी समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांचा खून झाला, विरोधकांनी सभागृह सोडलं, आणि राजा गप्प राहिला. नोव्हेंबर १९२६ मध्ये विरोधी पक्षच संपवले गेले. इथे विद्यार्थी हमखास शेवटच्या रकान्यावर काट मारतात. मारू नका, तिथे ‘राजा’ हा शब्द राहू द्या. २५ जुलै १९४३ ला फॅसिस्ट महापरिषदेने, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने, १९ मतांनी मुसोलिनीविरुद्ध ठराव केला, आणि त्याच दुपारी राजाने मुसोलिनीला बोलावून बडतर्फ केलं.